कोपीतून मनीषाला

उसाच्या फडावरून, ता. वाळवा

चि. मनीषास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर मी चिडलो आणि तू फोन ठेवलास, म्हणून लिहितोय. तुझी आई इथं कोपीत, आमच्या पाचटाच्या झोपडीत, झोपलीय. पहाटे गाडी भरायची आहे.

तू पोरांच्या मदतीच्या 1098 नंबरला फोन लावलास आणि ग्रामसेवकांनी येऊन त्या शाळेतल्या पोरीचं लग्न थांबवलं, हे इथं मुकादमाच्या तोंडून कळलं. बरं केलंस. पण शाळा सुटली की उजेडात घरी जा. त्या पोरीचा चुलता कसा आहे, तुला ठाऊक आहे.

2006 चा कायदा तू सांगितलास, 18 च्या आत लग्न नाही. मान्य. पण तिच्या बापाचंही बघ. ऊसतोडीसाठी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन बसलाय. पोर मागं ठेवली तर म्हातारीला दिसत नाही. बरोबर आणली तर दिवसभर कोपीत एकटी, दाराच्या जागी साडीचा पडदा. लग्न लावलं की घोर मिटला, वर जावयाचा अर्धा कोयता पुरा होतो, नवराबायको मिळून एक कोयता धरतात ना. आपल्या सुमनचं लग्न लावलं तेव्हा मीही हाच हिशेब केला. तिच्या बाळंतपणाचं तुला सांगायला नको.

पोर आठवीत आहे ना? आईबाप तोडीला गेलेल्या पोरांसाठी गावात हंगामी वसतिगृह असतं, त्याच्या यादीत तिचं नाव घाल. तिथं जेवण मिळेल, पण झोपायची सोय नाही, मग रात्री निजायची कुणाच्या घरी? ते आधी ठरव. लग्न मोडून निम्मंच काम झालं. आता शाळेच्या बाईंनाच शिकवायला लागलो, राग मानू नको.

तू दुसरीत होतीस, बाळूला सांभाळायला आणली होती तुला. पाचटावर बसून उसाच्या वजनकाट्याची पावती वाचलीस आणि सगळ्यांसमोर म्हणालीस, "आप्पा, वहीत एक टन कमी लिहिलाय." मुकादम हसला. मी तुझ्या तोंडावर हात ठेवला. रात्री आईला म्हटलं, पुढच्या साली हिला गावीच ठेवायची, शाळा बुडवायची नाही.

इथं टोळीत सगळे विचारतात, ती मास्तरीण तुझीच का? मी मान हलवतो. मग रात्रभर झोप नाही. सांजच्याला एकटी निघू नको, बाळूला बोलावून घे. परत तेच लिहिलं बघ.

स्कुटीचा पुढचा दिवा बसवलास का? मामा रविवारी गावाकडे येतोय, त्याच्याजवळ पाचशे देतो. आधी तेवढं कर.

तुझा आप्पा