विषय: फोकस चुकत असूनही 'कस्टमर एज्युकेटेड' असा शेरा मारून परत पाठवलेला कॅमेरा

प्रति,
कस्टमर केअरचे जे कोणी प्रमुख असतील ते

आत्ता दुपारचे पावणेचार वाजलेत आणि तुमच्या टोल फ्री नंबरवरचा माझा सहावा कॉल पाच मिनिटांपूर्वी संपला. २६ मिनिटं होल्ड, ४ मिनिटं बोलणं, आणि त्या ४ मिनिटांत तुमच्या माणसाने तीनदा विचारलं, "मॅम, लेन्स निकाल के फिरसे लगाया क्या?" लावली हो. इतक्यांदा काढून लावलीये की आता अंधारातसुद्धा लेन्स जुळवायचा तो पांढरा ठिपका हाताला सापडतो. मी बोलत असतानाच मोबाईलवर मेसेज आला की तुमच्या तक्रारीचं निवारण झालेलं आहे, आम्हाला १ ते ५ मध्ये रेटिंग द्या. शून्य द्यायची सोय नाहीये तिथे, बघितलं मी.

कॅमेरा कुठला हे तुम्हाला सांगायची गरज नाही, तुमच्या सर्व्हिस सेंटरची जॉबशीट जोडलीये. तुमची सगळ्यात स्वस्त डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेली बॉडी, सोबत १८-५५ ची किट लेन्स, आणि तुमचीच ५० एमएम एफ १.८. गुढीपाडव्याला तुमच्याच अधिकृत डीलरकडून घेतलं सगळं, मिळून ५२,५०० रुपये, चेकने. बॅग फुकट दिली, तिची चेन दुसऱ्या आठवड्यात गेली, त्याबद्दल मी काही बोलत नाहीये.

मी ३१ वर्षं बँकेत काढली आणि मागच्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली. हा माझा आयुष्यातला पहिला कॅमेरा. आणि पहिल्या कॅमेऱ्यावर माणूस काय काय चुका करतो त्या सगळ्या मी केल्यात, तुमच्या लोकांनी शोधून काढायच्या आधी मीच सांगते. पहिले दोन दिवस व्ह्यूफाइंडरमधून सगळं धूसर दिसत होतं, मला वाटलं मोतीबिंदू झाला, मग कळलं की शेजारी ते डायॉप्टरचं छोटं चाक असतं ते आपल्या नंबराप्रमाणे फिरवायचं. घरात रात्री आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, ३२०० ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पर्वतीवर उन्हात तसंच ठेवून ८० फोटो काढले, सगळे दाणेदार. तुळशीबागेत पितळेच्या भांड्यांचे फोटो काढताना १/१५ सेकंदाचं शटर होतं, हललेच ते, ती चूक माझी, मान्य. लकडी पुलावर उभं राहून गाड्यांच्या दिव्यांच्या रेघा काढायला शिकले, त्यासाठी २ सेकंद शटर आणि पुलाच्या कठड्यावर कॅमेरा, आणि मागून जाणारा प्रत्येक माणूस 'काकू सांभाळून' म्हणून गेला. म्हणजे शिकत होते मी. मजा येत होती. तो आरसा उचलल्याचा खटॅक आवाज आला की उगाच बरं वाटायचं. आयएसओ, शटर, ॲपर्चर (लेन्सचं उजेड घेणारं भोक), एकाने वाढवलं की दुसऱ्याकडून वजा करायचं, शेवटी जमाखर्चच आहे तो, मला कुठे अवघड जाणार.

मग बहिणीच्या नातवाची मुंज आली. कार्यालयातले दिवे तुम्हाला माहीत असतीलच, म्हणून ५० एमएम लावली आणि एफ १.८ वर ठेवली, म्हणजे ॲपर्चर पूर्ण उघडं. शटर १/२०० च्या खाली जाऊ दिलं नाही, एकच फोकस पॉइंट, तो बरोबर डोळ्यावर. घरी येऊन कॉम्प्युटरवर बघते तर मातृभोजनाच्या फोटोत आई घास भरवतेय, दोघांचे डोळे सॉफ्ट, म्हणजे अंधुक, आणि तिच्या कानातल्या कुड्यांचा मोती न् मोती शार्प. भिक्षावळीत तर बटूचे डोळे सॉफ्ट आणि शेंडी शार्प! शेंडीचा एकेक केस मोजता येतो. ३१२ फोटो, त्यातले धड म्हणावे असे २८. मुंज परत लागत नाही एवढं तुमच्या कंपनीतही कोणाला तरी माहीत असेल.

आणि तरी मी काय केलं असेल? महिनाभर स्वतःलाच दोष दिला. कारण नवीन माणसाला सगळे हेच सांगतात की कॅमेऱ्यात काही नसतं, हातात असतं. बरोबर आहे ते, एरवी.

शेवटी मामाला दाखवले फोटो. मामा ८३ चा आहे, पेठेत लग्नांचे फोटो काढायचा, आणि तुमच्याच कंपनीचा फिल्मवाला एसएलआर होता त्याच्याकडे, म्हणून तर मी तुमच्या नावाला हात घातला, नाहीतर दुकानदार दुसराच गळ्यात मारत होता. त्या कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये मधोमध दुभंगलेला गोल दिसायचा, दोन्ही अर्धे जुळले की फोकस झाला, विषय संपला. ३६ फोटोंचा रोल, चुकायची सोयच नाही. मामाने फोटो बघितले आणि म्हणाला, "हात हलला असता तर सगळंच हललं असतं. इथे शेंडी शार्प आहे म्हणजे शार्प झालंय, नको तिथे झालंय. पट्टी लावून बघ."

म्हणून पट्टी लावली. शाळेची ३० सेंटिमीटरची, टेबलावर ४५ अंशात तिरकी, आणि १५ च्या खुणेशेजारी चहापत्तीचं खोकं सरळ उभं केलं, कारण नुसत्या तिरक्या पट्टीवर फोकस पॉइंट कुठेही पकडू शकतो. खोक्यावरच्या अक्षरांवर फोकस. ट्रायपॉड, २ सेकंदांचा टायमर, एफ १.८. व्ह्यूफाइंडरने २० फोटो, लाइव्ह व्ह्यूने, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून, २०, दर फोटोला फोकस बिघडवून परत घेतला. व्ह्यूफाइंडरच्या २० पैकी १८ फोटोंत शार्पपणा १७ च्या आकड्यावर, म्हणजे खोक्याच्या मागे. लाइव्ह व्ह्यूच्या २० पैकी १९ मध्ये बरोबर १५ वर. सगळं वहीत लिहिलंय, झेरॉक्स जोडली आहे.

याचा अर्थ काय होतो ते तुमचाच कॅमेरा आहे, तुम्हाला कळत असणार, पण तुमच्या काउंटरवर कळलं नाही म्हणून लिहिते. व्ह्यूफाइंडरने फोटो काढताना मुख्य आरशातून थोडा उजेड मागच्या छोट्या आरशावर जातो आणि खाली तळाशी असलेल्या फोकसच्या सेन्सरवर पडतो. तिथलं अंतर आणि मुख्य सेन्सरपर्यंतचं अंतर यांचा मेळ लागला नाही की खालचा म्हणतो झाला फोकस, आणि मुख्य सेन्सर खातं उघडतो तर फरक. लाइव्ह व्ह्यूत आरसा वर असतो, मुख्य सेन्सर स्वतःच बघतो, म्हणून तिथे बरोबर येतं. याला सगळे बॅक फोकस म्हणतात. किट लेन्सवर ते झाकलं जातं कारण ५५ ला तिचं ॲपर्चर ५.६ पेक्षा मोठं उघडतच नाही, त्यामुळे पुढे-मागेही बरंच शार्प येतं. तुमच्या महागड्या बॉडीजमध्ये हे दुरुस्त करायची सेटिंग मेनूतच दिलीये, माझ्यात दिलेली नाही, म्हणजे सर्व्हिस सेंटरशिवाय मला इलाज नाही. म्हणून गेले.

आता सर्व्हिस सेंटर. हे सविस्तर लिहिणार आहे, वाचा.

पाऊस होता, रिक्षाने गेले, कॅमेरा दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत. काउंटरवरचा मुलगा २४-२५ चा असेल. कॅमेरा हातात घेतला आणि पहिलं वाक्य, "मॅडम, वापरतं कोण? सर?"

मी म्हटलं, सर घरी मेथी निवडतायत, कॅमेरा मी वापरते.

"आधी कुठला वापरायचात?"

"मोबाईल."

"हां."

हा जो 'हां' होता ना, तो मी तुम्हाला टाइप करून दाखवू शकत नाही. लांब होता, वरून खाली येणारा. कर्जाचा अर्ज घेऊन आलेल्या माणसाचा पगार ऐकल्यावर आमच्याकडचे एक मॅनेजर असाच 'हां' करायचे. तिथेच त्याचं निदान झालं होतं, पुढचं सगळं नुसता सोपस्कार. त्याने मागच्या स्क्रीनवर एक फोटो दोन सेकंद बघितला, मोठा करूनसुद्धा नाही, आणि म्हणाला, "शार्पच आहे की." मी म्हटलं, मोठा करा. केला. मग म्हणाला, "मोबाईलमध्ये सगळं ऑटोमॅटिक असतं ना मॅडम, त्यामुळे तुम्हाला असं वाटतं. इथे हात स्थिर लागतो."

मी म्हटलं, हे ट्रायपॉडवरचे आहेत. आणि लाइव्ह व्ह्यू लावला की माझा हात आपोआप स्थिर होतो का? वही काढली, पट्टीचे फोटो दाखवले.

"ही पट्टी कुठली?"

"शाळेची."

"आम्ही असं टेस्ट करत नाही मॅडम. आमच्याकडे चार्ट असतो."

"मग चार्टवर करा."

"चार्ट मुंबईला असतो."

यावर मी काय बोलणार होते. तेवढ्यात त्याने ड्रॉवरमधून रंगीत पत्रक काढलं. दर रविवारी बेसिक वर्कशॉप, फी २,३०० रुपये, "आणि सीनियर सिटिझनला १० टक्के ऑफ आहे मॅडम." मी ५७ ची आहे. सीनियर सिटिझनचं वय ६०, त्यांना एफडीवर जास्तीचं व्याज मी वर्षानुवर्षं लावत आलेय, मला माहितीये कोणाला लागतं ते. म्हणजे तुमची वस्तू दुरुस्त करायला आलेल्या बाईला तुम्ही तुमचीच आणखी एक वस्तू विकताय, आणि तीही तिचं वय तीन वर्षांनी वाढवून! मागे रांगेत दोन पोरं उभी होती, हसली. मी पत्रक घड्या घालून पर्समध्ये ठेवलं, तेही जोडलंय.

कॅमेरा ठेवून घेतला. लेन्स मात्र परत दिली, "लेन्सची गरज नाही" म्हणून. अहो, बॉडी आणि लेन्स जोडीने तपासायची असते ना? ११ दिवसांनी फोन आला, घेऊन जा. जॉबशीटवर दोन ओळी. नो फॉल्ट फाउंड. कस्टमर एज्युकेटेड.

कस्टमर एज्युकेटेड! एम.कॉम. आहे मी, ते तुमच्या वर्कशॉपच्या आधीच झालंय.

आणि परत येताना कॅमेरा घेऊन काय आला? सेन्सरवर तीन डाग. आधी नव्हते. एफ १६ ला आभाळाचा फोटो काढा, वरच्या डाव्या कोपऱ्यात दोन आणि मधे एक, आधीचे आभाळाचे फोटो तारखांसकट आहेत माझ्याकडे. व्ह्यूफाइंडरवरचा रबरी आयकपही गायब. चष्मेवालीला आयकपशिवाय बघायला सांगा, काच काचेवर घासते. म्हणजे जे बिघडलं होतं त्याला हात लावला नाही आणि जे धड होतं ते बिघडवून दिलं. वर 'एज्युकेटेड'.

तेव्हापासून सहा कॉल. एकाने ऑटो मोड वापरा सांगितलं. एकीने फॅक्टरी रिसेट. एक जण म्हणाला "एफ ८ पे निकालो मॅम, सब शार्प आयेगा." येईल ना, पण मग एफ १.८ ची लेन्स तुम्ही मला विकलीत कशाला? आणि आज तर तक्रार बंदच.

तर आता काय पाहिजे ते. बॉडी आणि ५० एमएम दोन्ही एकत्र तुमच्या त्या मुंबईच्या चार्टवर तपासायचं, फोकस जुळवून द्यायचा, आधीचे आणि नंतरचे फोटो मला द्यायचे. नेण्या-आणण्याचा खर्च तुमचा. सेन्सर साफ करून द्यायचा, कारण घाण तुमच्याकडे झालीये. आयकप. आणि जॉबशीटवरचा तो शेरा खोडून, खाली सही करून, नवीन जॉबशीट. या शेवटच्यावर मी हटून बसणार आहे. वॉरंटी दोन वर्षांची आहे आणि उद्या हाच बिघाड परत आला तर तुम्ही तोच कागद दाखवून म्हणणार की बाईंना येत नाही.

१५ दिवस देते. त्यानंतर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन आणि जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे मी राहते तिथेच, म्हणजे पुण्यातच, दावा लावता येतो, ५ लाखांपर्यंत फीसुद्धा नाही. तुमचं हेड ऑफिस कुठे का असेना, तुम्हाला इथे यावं लागेल. ग्राहक पंचायत १९७४ साली याच गावात सुरू झाली, हे तुमच्या वकिलांना सांगून ठेवा. मला वेळ आहे. व्हीआरएस घेतलीये, सांगितलं ना.

खरं तर मला हे काही करायचं नाहीये. थंडीत कवडीपाटला चक्रवाक पक्षी येतात, त्याच्या आत कॅमेरा हातात पाहिजे एवढंच आहे. झूम लेन्स घ्यायचे पैसेही बाजूला काढले होते, तुमचीच घेणार होते. ते आता थांबवलंय. मामाला अजून सांगितलेलं नाही की तुम्ही काय शेरा मारलाय. त्याच्या कपाटात तुमच्या नावाचा कॅमेरा अजून मलमलच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेला असतो.

फोन करायचा असेल तर सकाळी ११ नंतर करा, आणि ज्याला बॅक फोकस म्हणजे काय ते माहितीये अशा माणसाने करा.

एक वैतागलेली ग्राहक,
पुणे ३०

सोबत: बिल, वॉरंटी कार्ड, जॉबशीट, वहीची चार पानं, फोटोंचा पेन ड्राइव्ह, आणि तुमचं वर्कशॉपचं पत्रक.

ता.क. आयकप काळा, रबरी, चौकोनी आहे. ज्या ड्रॉवरमधून पत्रक निघालं त्यातच असेल, आधी तिथे बघा.