मी ‘नको’ म्हटलं, तुम्ही ‘बरं’ म्हणालात

काका,

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण समोर उभं राहून आभार मानायला गेलं की तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करता आणि सामाईक न्हाणीघराच्या तुंबलेल्या मोरीबद्दल बोलायला लागता. दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा मोरी जिंकली.

तुमचं नाव लिहीत नाही, आपल्या वस्तीचंही नाही. वाचणाऱ्यांना एवढंच सांगते: ही रस्त्यावरून आलेल्या माणसांसाठीच्या छोट्या घरांची वस्ती आहे आणि इथल्या दुरुस्त्या तुम्ही बघता. वयाने आपण बरोबरीचेच असू, पण इथे गेटवरच्या आजोबांपासून सगळे तुम्हाला काका म्हणतात, म्हणून मीही म्हणते.

परवा मला या घरात येऊन वर्ष झालं. त्या निमित्ताने ऑफिसातल्या बाईंनी विचारलं, वर्षभरात सगळ्यात मोठा फरक कशाने पडला? त्यांना बहुतेक ‘डोक्यावर छप्पर आलं’ असं काहीतरी हवं होतं, अहवालात घालायला. मी म्हटलं, बॅटरीने. त्या हसल्या आणि पुढच्या प्रश्नाकडे वळल्या. म्हणून तो किस्सा इथे लिहून ठेवते.

मी आले त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात छतावरचा धुराचा अलार्म ओरडायला लागला. मिनिटाला एकदा, टीं. बॅटरी उतरली की तो असं करतो, एवढं मला ठाऊक होतं. सांगायची हिंमत नव्हती. तक्रार केली की आपलं नाव कुठेतरी लिहिलं जातं आणि नाव लिहिलं गेलं की जागा जाते, हे मी रस्त्यावरच्या सहा वर्षांत शिकले होते. तीन रात्री त्या आवाजाखाली पडून काढल्या. पडून म्हणजे जमिनीवर. पलंग होता, गादी होती, धुतलेल्या अभ्र्याची उशी होती. तरी मी पलंगाच्या कडेला खाली, दाराकडे तोंड करून, पायात बूट घालून झोपायचे. ज्यांनी रस्त्यावर रात्री काढल्यात त्यांना बुटांचं कारण सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते: काढून ठेवलेले बूट सकाळी जागेवर नसतात, आणि मध्येच उठून पळायची वेळ आली तर अनवाणी फार लांब जाता येत नाही.

आपल्या घरांच्या भिंती पातळ. चौथ्या दिवशी शेजारणीने परस्पर तुम्हाला सांगितलं.

दार वाजलं. तीनदा, हलकं.

मी श्वास रोखून पडून राहिले. तंबूत असताना बाहेर पावलं वाजली की हेच करायचं असतं. तंबूला वाजवायला दार नसतंच. काठीने ठोसतात, बुटाने ढोसतात, नाहीतर सरळ चेन ओढून तोंडावर टॉर्च मारतात. तुमच्या कमरेच्या चाव्यांची खुळखुळ मला ऐकू आली होती. म्हणजे आता दार उघडणार, असं धरून मी बसले. उघडलं नाही. थोड्या वेळाने तुमचा आवाज आला, “घाई नाही. मी इथेच बसतो.”

आणि तुम्ही ओट्याच्या पायरीवर बसलात. पाऊस भुरभुरत होता. खिडकीच्या पडद्याच्या फटीतून तुमची पाठ दिसत होती आणि शर्टावर खांद्यांपासून खाली उतरत जाणारा ओला डाग. तो डाग पार पाठीच्या मध्यापर्यंत आला तेव्हा मी दार उघडलं.

“अलार्मची बॅटरी बदलायचीय,” तुम्ही म्हणालात. “आत आलं तर चालेल?”

मी म्हटलं, “नको.”

का म्हटलं ते आजही नीट सांगता येणार नाही. तुमचा राग नव्हता, भीतीही फारशी नव्हती. कितीतरी वर्षांत हा शब्द वापरला नव्हता, तो अजून चालतो का ते बघायचं असेल कदाचित.

तुम्ही म्हणालात, “बरं.”

एवढंच. खिशातून चौकोनी बॅटरी काढून माझ्या हातात दिलीत. मग पायरीवर उभं राहून, आत न डोकावता, समोरच्या घराकडे बघत मला सांगत गेलात. पलंगावर चढा. डबी डावीकडे फिरवा. हाताला लागेल ती जुनी बॅटरी ओढा. “नवी उलटी बसणारच नाही, बिनधास्त दाबा.” माझे हात इतके थरथरत होते की डबी दोनदा पलंगावर पडली. तुम्हाला आवाज आला असणार, पण तुम्ही वळून बघितलं नाहीत. शेवटी म्हणालात, “आता मधलं बटण दाबून धरा, मी इथून ऐकतो.” अलार्म कानठळ्या बसतील असा किंचाळला. तुम्ही कागदावर खूण केलीत, जुनी बॅटरी मागून घेतलीत आणि निघालात. “बघा, जमलं की नाही तुम्हाला!” असली शाबासकी दिली नाहीत, हे फार बरं केलंत. पन्नाशीच्या बाईला बॅटरी बसवता आली म्हणून टाळ्या वाजवणारे मला खूप भेटलेत.

तपासणीसाठी तुम्हाला आत येण्याचा अधिकार असतो, हे मला नंतर कळलं. चावी तर होतीच.

त्या रात्री मी बूट काढून झोपले. पलंगावर झोपायला आणखी महिना लागला, ते सोडा.

आता ज्यांचे आभार मानायचे नाहीत त्यांच्याबद्दल. ते लिहिल्याशिवाय तुमचं मी काय देणं लागते ते वाचणाऱ्याला कळणार नाही.

एका निवाऱ्यात रोज संध्याकाळी माझी पिशवी टेबलावर उलटी करत. रोज तीच पिशवी, तेच दोन सदरे, तीच औषधं. ती बाई एकेक वस्तू बोटाच्या टोकाने बाजूला सारायची. सकाळी सहाला दिवे लागत आणि साडेसहाला आम्ही बाहेर, मग बाहेर बर्फ असो नाहीतर काही. एका खिडकीवर ओळखपत्रासाठी पत्ता मागत आणि दुसऱ्या खिडकीवर पत्त्यासाठी ओळखपत्र. त्या दोन खिडक्यांमध्ये वीस पावलांचं अंतर होतं. मी मोजलंय, मला वेळ भरपूर होता. एकदा पहाटे तंबू उचलायला गाडी आली. माझा पत्र्याचा डबा त्या गाडीत गेला, त्यात आईचा एकुलता एक फोटो होता. सामान सुरक्षित ठेवल्याची चिठ्ठी मिळाली. चिठ्ठीवरच्या पत्त्यावर गेले तर तिथल्या माणसाने अतिशय गोड आवाजात सांगितलं की नोंद सापडत नाही. काका, शिव्या देणारे परवडले. त्यांना निदान मी दिसत तरी होते.

आणि प्रत्येकाची एकच अट: आधी सुधारा, मग घर. आधी झोपेच्या गोळ्या सोडा, आधी नोकरी बघा, आधी हे शिबिर करा. रस्त्यावर झोपून गोळ्या सोडून दाखवा म्हणावं! गेटवरच्या आजोबांनी मला सांगितलं की ही अट उलटी करून बघणारं कोणीतरी फार पूर्वीच होऊन गेलंय. न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली सॅम त्सेम्बेरिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने रस्त्यावरच्या लोकांना आधी घर द्यायचं आणि बाकीचं मग बघायचं, असं काम सुरू केलं. फिनलंडने २००८ पासून देशाचं धोरणच तसं केलं. मी १९९२ साली तिशीच्या आत होते, मला तेव्हा स्वतःचं घर होतं. तीस वर्षं ही गोष्ट माहीत असून माझ्यासमोर अर्ज सरकवणाऱ्यांना काय म्हणायचं?

आजोबांचं वाचन दांडगं. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराचा किस्सा त्यांच्याकडूनच ऐकावा. २००० सालच्या डिसेंबरमध्ये तिथल्या काही बेघरांनी मिळून सरकारी जागेवर तंबू ठोकले. हुसकावलं की हे आपलं सामान दुकानाच्या ढकलगाड्यांत भरून रस्त्याने रांगेत, मिरवणुकीसारखे पुढच्या जागेवर जायचे. त्यातून ‘डिग्निटी व्हिलेज’ उभं राहिलं, विमानतळाजवळ, आणि तिथला कारभार तिथलेच रहिवासी बघतात. ढकलगाडीत अख्खा संसार घालून मीही फिरलेय, पण तोंड लपवून. मिरवणूक काढायचं कधी सुचलं नाही.

पण मला जास्त आवडते ती ओट्याची गोष्ट. वॉशिंग्टन राज्यात ऑलिंपिया म्हणून शहर आहे. तिथे २००७ साली एका वाहनतळावर तंबू पडले, मग ती माणसं काही वर्षं चर्चच्या एका आवारातून दुसऱ्या आवारात हलत राहिली आणि २०१३ च्या अखेरीला त्यांना ३० घरं मिळाली, प्रत्येकी १४४ चौरस फुटांचं. ‘किहोटे व्हिलेज’ नाव त्याचं. आराखडा करताना त्यांनाच विचारलं होतं, कसं हवं? त्यांनी आतली जागा थोडी कमी चालेल म्हणून सांगितलं, पण घरापुढचा ओटा सोडला नाही. हे ऐकलं आणि मला तुमची भिजलेली पाठ आठवली. ओटा नसता तर तुम्ही कुठे बसला असता?

आपल्याकडे बघायला पाहुणे येतात. ‘किती गोंडस!’ म्हणतात, फोटो काढतात, आपल्यालाही असं छोटं घर हवं असं एकमेकांना सांगतात. हौसेने छोट्या घरात राहणारा कंटाळला की मोठ्या घरात परत जातो, हे त्यांच्या लक्षात येत नाही. रात्री दोनला टॉर्च घेऊन न्हाणीघरापर्यंत चालायला लागलं की गोंडसपणा उतरतो. कोणी असंही म्हणतं की या रंगवलेल्या खोपट्या आहेत आणि सरकार यावर भागवून खऱ्या घरांचं काम टाळतं. ते मला पटतं, निदान अर्धं. लॉस एंजेलिसमध्ये २०२१ साली ८ बाय ८ फुटांच्या खोल्यांची वस्ती उघडली. ६४ चौरस फूट! तेवढ्यात दोन पलंग. मला तिथे पाठवलं असतं तर मी काय म्हटलं असतं? गेले असते, झक मारत. पण तिथेही कुलूप असतं आणि बाहेर कोणी दार वाजवून थांबणारं असलं तर माणूस तिथेही माणसात येईल, असं मला वाटतं. आपल्याकडे तरी काय सगळं गोड आहे? तिसऱ्या ओळीतला रेडिओ, कुत्र्यांवरून सोमवारच्या सभेत होणारी हमरीतुमरी, स्वयंपाकघरात भांडी न घासता निघून जाणारे महाभाग. मीही एकदा त्या सभेत ओरडले. घरी येऊन मला हसू आलं. ओरडूनही जागा गेली नव्हती.

मोठ्या मनाच्या माणसांची मला जरा धास्तीच वाटते, काका. ती देतात आणि मग आपल्या चेहऱ्याकडे बघत बसतात. थंडीत पांघरूण देऊन फोटोसाठी ते परत खांद्यावर टाकायला लावणारेही भेटलेत. साधी सभ्य माणसं कमी दिसतात, कारण ती काही करताना दिसतच नाहीत. वाचनालयातली एक बाई होती. मी बसल्या जागी झोपले की ती माझ्यासमोरच्या पुस्तकाचं पान उलटून जायची, पहारेकऱ्याला वाटावं मी वाचतेय. एक बसवाला होता, तो शेवटच्या थांब्यावर आरशात बघायचाच नाही. त्यांची नावं मला माहीत नाहीत. हे पत्र थोडं त्यांनाही.

मंगळवारी आणि शुक्रवारी आता गेटवर माझी पाळी असते. मागच्या आठवड्यात तपासणीचे दोन साहेब आले आणि नवव्या घरात सरळ शिरायला निघाले. मी म्हटलं, आधी विचारून येते. त्यांनी घड्याळ बघितलं. मी सावकाश चालत गेले, सावकाश परत आले. तिने ‘नको’ सांगितलं होतं.

बाकी, ओट्यावरच्या खुर्चीचा मागचा पाय हलतोय. सवड झाली की हत्यारं घेऊन या. येताना छत्री आणा, माझ्या पायरीवर अजून आडोसा नाही. आणि दार उघडं दिसलं तरी वाजवा.