देवऋष्याआधी डॉक्टर गाठा

महोदय,

तरुण मुलगी अचानक काहीबाही बरळू लागली, झोप उडाली, आत्ता सांगितलेलं विसरू लागली, की आमच्या आटपाडी-जत भागात आधी ‘बाहेरचं’ बघणारी घरं अजून आहेत. ‘अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस’ या मेंदूच्या आजारातही नेमकं असंच होतं. डॉ. जोसेप डालमाऊ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये त्याचं मूळ दाखवलं.

मेंदूच्या पेशींवर एनएमडीए नावाचे रिसेप्टर, म्हणजे रासायनिक निरोप पकडणारी प्रथिनं, असतात. ग्लुटामेट हे निरोप नेणारं रसायन त्यांना चिकटलं आणि पेशी पुरेशी उत्तेजित झाली की त्यातलं मॅग्नेशियमचं बूच निघतं, कॅल्शियम आत जातं आणि शिकलेलं पक्कं व्हायला लागतं. पीएसडी-९५ सारखी प्रथिनं हे रिसेप्टर जागेवर धरून ठेवतात. या आजारात शरीराच्याच प्रतिपिंडांमुळे (अँटीबॉडीजमुळे) हे रिसेप्टर पेशीच्या आत ओढले जातात आणि स्मृती ढासळते. पेशी मात्र बहुतांशी शाबूत राहते, म्हणूनच वेळेवर उपचार मिळाले तर बरेच रुग्ण सावरतात. केवढा दिलासा आहे हा!

निदान रक्त आणि पाठीच्या कण्यातलं पाणी तपासून होतं. सांगली-मिरजेत मेंदूविकारतज्ज्ञ आहेत, पण पेशंट तिथवर पोचायला हवा. आरोग्य विभागाने आशाताईंच्या प्रशिक्षणात ही लक्षणं घ्यावीत. झटके येत असतील तर घरच्यांनी एक दिवसही दवडू नये.

– एक शिक्षिका, विटा (जि. सांगली)