परदेशी पेन्शनला आयटीआर-१ चालत नाही

मा. संपादक, स. न. वि. वि.

लंडनच्या इस्पितळात मी २२ वर्षे परिचारिका होते. आता वडोदऱ्यात, दांडिया बाजारात बहिणीजवळ राहते. ब्रिटनची सरकारी पेन्शन दर चार आठवड्यांनी तिथल्याच खात्यात येते. गेल्या वर्षी प्राप्तिकराचे रिटर्न भरून देणारा मुलगा म्हणाला, "मावशी, साधंच आहे," आणि आयटीआर-१ हा साधा फॉर्म भरून मोकळा झाला. परदेशी उत्पन्नाला तो फॉर्म चालतच नाही! आयटीआर-२ घ्यायचा, पेन्शन त्यातल्या शेड्यूल एफएसआय या परदेशी उत्पन्नाच्या तक्त्यात दाखवायची, तिथले खाते शेड्यूल एफए या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात; आणि त्या खात्याचा हिशेब जानेवारी ते डिसेंबर. माझी पौंडांची वही मार्चअखेरची, सगळी पुन्हा मांडली. सुधारित रिटर्न भरेपर्यंत झोप नव्हती. प्राप्तिकराच्या पोर्टलने "परदेशातून पेन्शन येते का?" हे फॉर्म निवडतानाच मराठी-गुजरातीत ठळक विचारावे, ही कळकळीची विनंती.

एक निवृत्त परिचारिका, वडोदरा