आज्जीच्या नावाचे दोन लाख

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार. परवा फोनवर आपलं जरा वाजलं म्हणून लिहितेय, कारण बाबा "ठेवतो आता" म्हणून फोन ठेवून देतात आणि माझं सांगायचं राहतं ते राहतंच.

तर आज्जीच्या वर्षश्राद्धाला बाबा देवळाच्या मंडपाला फरशी घालायला दोन लाख देणार, कोपऱ्यात स्मरणार्थ म्हणून पाटी. माझं म्हणणं, तेच पैसे युनिव्हर्सिटीत तिच्या नावाने ठेवू या. त्यावर बाबांचं, त्यांना सरकार देतंय की, आपण कशाला.

बाबा, सरकार पगार देतं, बिल्डिंग देतं, तेही उशिरा का होईना. पण एम.ए.ला असताना मला ओव्या गोळा करायला गावोगाव हिंडायचं होतं, त्या एसटीच्या तिकिटाचा कॉलम सरकारच्या कुठल्याच फॉर्मवर नव्हता. ते पैसे मिळाले डिपार्टमेंटच्या एका फंडातून. 1,850 रुपये, व्हाउचरवर रेव्हेन्यू स्टॅम्प चिकटवून सही केली, वर छापलेलं, अमुक बाईंच्या स्मरणार्थ. त्या बाई कोण, मला आजही माहीत नाही. त्याच फेरीत मी घरी आले होते आणि आज्जीला म्हटलं ओव्या सांग, तर तिला एक आठवेना, मग आई तू माळ्यावरचं जातं खाली काढलंस आणि खुंटा हातात आल्यावर बाई थांबेच ना, माझ्याच मोबाईलची मेमरी फुल झाली.

इथे रोज चर्चगेटला उतरून ऑफिसला जाताना राजाबाई टॉवर दिसतो. 1864 मध्ये प्रेमचंद रायचंदांनी मुंबई युनिव्हर्सिटीला लायब्ररीसाठी 2 लाख दिले, मग टॉवरसाठी आणखी 2 लाख, नाव मात्र आईचं द्या म्हणाले. पुढच्या वर्षी कापसाचा बाजार कोसळला, शेठ पार बुडाले, पण पैसे देऊन झाले होते त्यामुळे टॉवर 1878 ला पुरा झालाच. अलीकडे तिथल्या रंगीत काचांची दुरुस्ती झाली तीही देणगीतूनच, टीसीएसच्या. आणि कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला विठ्ठलदास ठाकरसींनी 1920 मध्ये 15 लाख दिले, तेही आईच्या नावाने. एसएनडीटीमधला एन म्हणजे नाथीबाई, त्यांची आई. आई, तुला माहीत होतं का? मला नोकरी लागेपर्यंत नव्हतं.

बाबा म्हणतील ही शेठ लोकांची कामं. पण 2025 मध्ये मुकेश अंबानींनी आयसीटीला, म्हणजे ते शिकले त्या मुंबईच्या केमिकल टेक्नॉलॉजीच्या संस्थेला, 151 कोटी दिले, तिथले त्यांचे सर प्रा. एम. एम. शर्मा यांची गुरुदक्षिणा म्हणून, तो मेसेज मला तुम्हीच तीनदा फॉरवर्ड केलात! आणि आपल्या कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर, जमशेटजी टाटांनी परदेशी शिकायला जाणाऱ्यांसाठी 1892 मध्ये काढलेल्या फंडाच्या अगदी पहिल्या स्कॉलरांपैकी. तिथे मदत कर्जाऊ मिळते, म्हणजे एकाने फेडलेलं पुढच्याच्या कामी येतं. हे मला फार आवडतं.

एक मात्र आधीच सांगते, नुसतं मोठ्या मनाने चालत नाही. मला कॉलेजात मराठीत पहिली आल्याबद्दल 60 रुपयांचं पारितोषिक मिळालं होतं, चेकने. कुणीतरी पन्नासेक वर्षांपूर्वी हजार रुपये ठेवलेले, त्याचं व्याज. त्या माणसाने दिले तेव्हा हजार म्हणजे केवढे असतील, आणि आता तो चेक भरायला बँकेत जायची रिक्षा 40 रुपये. म्हणून आपण लेखी घालायचं की सगळं व्याज वाटायचं नाही. दोन लाखांवर साधारण तेरा हजार धरले तर दहा द्यायचे आणि तीन मुद्दलात परत टाकायचे. दुसरं, "पहिल्या आलेल्या मुलीला" असं नको, पहिलीला सगळेच देतात. फिरून काम करणाऱ्या मुलीला तिकिटाला, जेवणाला, रेकॉर्डरला. आणि बाबा, नव्या टॅक्स रिजीममध्ये 80 जी, म्हणजे देणगीवरची टॅक्सची सूट, मिळत नाही, तो हिशेब मनातून काढा.

फरशीलाही थोडे द्या हवं तर, मी मध्ये येणार नाही, आज्जी त्या मंडपात भजनाला बसायची हे खरंच आहे.

फक्त एक काम करा, आज्जीचं नाव नक्की काय लिहायचं ते ठरवा. रेशन कार्डावर द्वारकाबाई आहे, सातबाऱ्यावर द्वारका, आणि ओव्या सांगताना ती स्वतःला दुर्पी म्हणाली होती. दुर्पी कुठून आलं ते आत्याला विचारा, मी रविवारी फोन करते.

तुमची,
मनू