केबिन दोघांची, पावती एकाची

संपादक महोदय,

सावद्याहून आम्ही सहा जण सिंगापूरच्या क्रूझला निघालो होतो. तीन केबिन, खर्च सारखा वाटून. केळीचे पैसे नुकतेच आले होते, म्हणून धाकट्या दिरांनी सगळी रक्कम भरली. आम्ही आपापला वाटा नंतर त्यांच्या खात्यात टाकला. पावती मात्र त्यांच्या एकट्याच्या नावावर राहिली.

निघायच्या नऊ दिवस आधी वन्सं ओट्यावरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. केबिनचं भाडं दोघांच्या हिशेबाने असतं. त्यामुळे त्यांच्या सोबतीच्या सासूबाईंना एकटीने राहण्याचे जादा पैसे भरावे लागले. वन्संचा हुकलेल्या प्रवासाचा दावा प्रवास विम्याच्या कंपनीने अडवला: पैसे तुम्ही भरल्याचा पुरावा काय? सासूबाईंचा जादा खर्च तर पॉलिसीत बसतच नव्हता. पॉलिसी विकणाऱ्याने यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं, याचा मला फार संताप आहे.

वाचकांनो, प्रत्येकाच्या नावाची वेगळी पावती मागा. सोबती गळाला तर जादा भाडं मिळेल का, हे लेखी विचारा. म्हाताऱ्या माणसांचा मधुमेह, रक्तदाब अर्जात लिहा, लपवू नका.

दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत दाद मिळाली नाही तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. तिथे फी नाही, वकील लागत नाही. आमचा अर्ज बँकेच्या नोंदींसह तिथेच गेला आहे.

– एक गृहिणी, सावदा (जि. जळगाव)