खुले पत्र: ‘चालू’ आणि ‘बंद’ यांच्या मधल्या संगणकांबद्दल

मा. शिक्षणमंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी एका प्राथमिक शाळेत संगणक कक्ष सांभाळते. गेल्या आठवड्यात नेहमीचा तक्ता भरायला आला. एकूण संगणक किती, चालू किती, बंद किती. मी लिहिलं: एकूण २२, चालू १९, बंद ३. दोन मिनिटांचं काम. आकडे खरे आहेत, कोणी तपासायला आलं तरी जुळतील. तरीही सही करताना दरवर्षी चुकल्यासारखं वाटतं, म्हणून त्या १९ चालू संगणकांवरचा एक साधा दिवस तुम्हाला लिहून कळवते आहे. परवाचा बुधवार घेऊ. विशेष काहीच घडलं नाही त्या दिवशी, म्हणूनच तो घेतला.

शाळा भरण्याच्या पाऊण तास आधी मी कक्ष उघडते. मेन स्विच, मग यूपीएस, मग एकेक यंत्र. तीन-चार यंत्रं अपडेटची टक्केवारी दाखवत बसतात, त्यांना हात लावायचा नसतो. सात नंबरच्या यंत्राचं दुखणं वेगळं आहे. मदरबोर्डवर, म्हणजे यंत्रातल्या मुख्य सर्किट पट्टीवर, नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२ नावाचा, ३ व्होल्टचा. यंत्राचा वीजपुरवठा तुटला तरी घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. तो संपला आहे. आम्ही सुरक्षेसाठी रोज संध्याकाळी मेन स्विच बंद करतो, त्यामुळे सात नंबर रोज सकाळी कित्येक वर्षं मागे जाऊन उठतो. तारीख चुकीची असली की ब्राउझरला वेबसाइटची सुरक्षा प्रमाणपत्रं अजून लागूच झालेली नाहीत असं वाटतं आणि तो पान उघडायला नकार देतो. एकदा मी तारीख दुरुस्त करायला विसरले, तेव्हा तिसरीतला एक मुलगा येऊन म्हणाला, “बाई, हा म्हणतो तुमचं कनेक्शन प्रायव्हेट नाही. आपली शाळा प्रायव्हेट नाही म्हणून का?”

तर सात नंबर तक्त्यात ‘चालू’ आहे. सेलसाठी मागणीपत्र दिलं आहे. ते कुठल्या टेबलावर आहे ते मी विचारायचं सोडून दिलं.

पहिली तासिका दुसरीची. तासिका ३५ मिनिटांची, मुलं ३८. म्हणजे एका यंत्रावर दोघं. लहान मुलांना माऊसचं डबल क्लिक जमत नाही, हे तुम्ही ऐकलं असेल. नक्की काय होतं ते जवळून बघण्यासारखं आहे. विंडोजमध्ये दोन क्लिकमधलं अंतर मूळ सेटिंगनुसार अर्ध्या सेकंदाच्या आत असावं लागतं. सात वर्षांचं मूल पहिलं क्लिक करतं, बोट उचलतं, पडद्याकडे बघतं आणि मग दुसरं करतं. तेवढ्यात वेळ निघून गेलेली असते. त्यातून ते क्लिक चित्राखालच्या नावावर पडलं, तर यंत्राला वाटतं, याला नाव बदलायचंय. मूल गोंधळून कळा दाबतं आणि चित्रकलेच्या प्रोग्रामचं नाव ‘ज्ज्ज्ज्ज’ होऊन बसतं. पुढच्या वर्गाला तो प्रोग्राम सापडत नाही आणि हजेरीवही उघडायच्या आधी माझ्याकडे तक्रार येते, “बाई, आमचं पेंट चोरीला गेलं.” आता मी सगळ्या यंत्रांवर डबल क्लिकचा वेग कमी करून ठेवलाय आणि एक क्लिक करून एंटर दाबायला शिकवलंय. मला हे कुठल्या प्रशिक्षणात सांगितलं नव्हतं. तिथे आम्ही दोन दिवस सादरीकरणाच्या पाट्या बघितल्या.

मग लॉग-इन. प्रत्येक वर्गाला पासवर्ड आहे आणि तो आठ अक्षरांचा, अंकासहित हवा असा वरून नियम आहे. मुलांच्या चिठ्ठीवर इंग्रजी लहान लिपीतली अक्षरं असतात, कीबोर्डवर छापलेली असतात मोठ्या लिपीतली. ज्या मुलीने ही दोन्ही रूपं एकच आहेत हे नुकतंच शिकायला घेतलंय, तिला चिठ्ठीतलं अक्षर कीबोर्डवर सापडतच नाही. ती चुकत नसते. ते तिथे खरंच नसतं. ती बोट धरून एकेक ओळ शोधत जाते आणि शेजारचा जोडीदार खुर्चीवर चुळबुळ करत बसतो.

बुधवारी मी घड्याळ लावून बसले होते. वर्ग येऊन स्थिरावेपर्यंत आणि शेवटच्या जोडीचा पडदा उघडेपर्यंत १४ मिनिटं गेली. शेवटची ४ मिनिटं काम जतन करून, यंत्र नीट सोडून रांग लावण्यात. राहिली १७. एका यंत्रावर दोघं, म्हणून एका मुलाच्या वाट्याला साडेआठ मिनिटं. ही साडेआठसुद्धा मी मध्ये टाळी वाजवून माऊस दुसऱ्या हातात द्यायला लावते म्हणून. नाहीतर ज्याच्या घरी संगणक आहे तोच माऊस धरून बसतो आणि दुसरा नुसता बघतो. बघणाराच पुढे घाबरून हात लावत नाही, आणि त्याबद्दल कुठेही तक्रार येत नाही, कारण तो शांत बसलेला असतो.

साहेब, साडेआठ मिनिटं थोडी आहेत असं मी म्हणत नाहीये. तेवढ्यातही काय होतं ते ऐका.

चौथीच्या तासाला आम्ही स्क्रॅचमध्ये पेनने आकार काढतो. त्यात मुलं आज्ञांचे ठोकळे जोडतात आणि पडद्यावरचं मांजर त्याप्रमाणे चालतं. हा प्रोग्राम फुकट आहे, २००७ साली अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबने सगळ्यांसाठी खुला केला, आणि त्याची ऑफलाइन आवृत्ती इंटरनेट नसतानाही चालते. आमच्यासाठी ही शेवटची गोष्ट सगळ्यात मोठी. चौकोन मुलांना लगेच जमतो: चार वेळा पुढे जा, ९० अंश वळ. मग त्रिकोण. सगळ्या वर्गाने एकमताने लिहिलं: तीन वेळा पुढे जा, ६० अंश वळ. कारण समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा, हे मी आदल्याच दिवशी गणितात फळ्यावर लिहिलं होतं. मांजर चाललं आणि त्रिकोण काही झाला नाही. तीन रेघा झाल्या, एका बाजूला उघड्या. एक मुलगा म्हणाला, “बाई, ही तर आडवी पडलेली टोपली झाली.” बरोबर होतं त्याचं. तो अर्धा षटकोन होता.

मी उत्तर दिलं नाही. एका मुलीला उठवलं आणि सांगितलं, तू मांजर, फरशीवर त्रिकोण चालून दाखव. ही युक्ती माझी नाही. १९६७ साली सीमोर पेपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉली फोर्झाइग या संशोधकांनी मुलांसाठी लोगो नावाची संगणकभाषा केली, आणि तिच्यातलं आज्ञेप्रमाणे चालणारं कासव वळवताना आपणच कासव होऊन बघायचं, ही पद्धत पेपर्ट यांनी रुजवली. मुलगी सरळ चालली, कोपऱ्यावर थांबली, वळली आणि ओरडली, “बाई, मी तर जवळजवळ मागेच वळले!” मागच्या बाकावरून कोणीतरी आकडा टाकला, १००. मग ११०. मग १२०, आणि पडद्यावर त्रिकोण पूर्ण झाला. कोन ६०चा असला तरी वळावं लागतं १२०मधून, हे त्यांना पायांनी कळलं. तेवढ्यात घंटा झाली. पाच जोड्यांचं काम जतन करायचं राहिलं.

त्यानंतरच्या तासाला देवनागरी टंकलेखन होतं, त्यावर वेगळं पत्र लिहिता येईल. एकच गंमत सांगते. इन्स्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डच्या मांडणीत आधी क दाबायचा, मग ऱ्हस्व वेलांटी. हाताने लिहिताना कित्येक मुलं वेलांटी आधी काढतात. त्यामुळे ‘किती’ लिहायला ती वेलांटी आधी दाबतात, ती बिचारी एकटी ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकते, आणि मुलं ते वर्तुळ पुसत बसतात. एकदा समजलं की बाराखडीचं गणितच त्यांच्यापुढे उघडतं: अक्षर आधी, मात्रा नंतर, ती उभी कुठेही राहो.

दुपारी संगणक कक्ष माझा राहत नाही. कोणाला माहिती अपलोड करायची असते, कोणाला छापून हवं असतं, आणि आजच्या आज पाठवा असा निरोप आला की पहिलं जे यंत्र रिकामं होतं ते मुलांच्या तासिकेतून होतं. याबद्दल सहकाऱ्यांना बोल लावत नाही. त्यांच्याकडे दुसरं यंत्र नाही.

आणखी एक बाब तक्त्यात बसत नाही. विंडोज १०ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आमची बरीचशी यंत्रं विंडोज ११ घेऊ शकत नाहीत, कारण त्याला टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था आणि ठरावीक नवे प्रोसेसर लागतात. यंत्रं सुरू होतात, मुलं चित्रं काढतात, म्हणजे ‘चालू’. पण सुरक्षेची भोकं बुजवणारं आता कोणी नाही. दोन यंत्रांवर मी सुट्टीत विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली टाकून बघितली आणि ती पूर्वीपेक्षा चपळ झाली. पण उद्या माझी बदली झाली तर ती दोन्ही यंत्रं ‘काहीतरी वेगळंच आहे’ म्हणून कोपऱ्यात जातील, हे मला आजच दिसतंय. म्हणून उरलेल्यांना हात लावलेला नाही.

शाळांतल्या संगणकांवरचा खर्च वाया जातो असं म्हणणारे लोक ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक संघटनेच्या २०१५च्या अहवालाकडे बोट दाखवतात. ज्या देशांनी यावर भरपूर खर्च केला, तिथल्या मुलांच्या वाचन, गणित, विज्ञानातल्या कामगिरीत म्हणावी अशी सुधारणा दिसली नाही, असं त्यात आहे. मला त्याचं नवल वाटत नाही. देशादेशांतली कारणं वेगळी असतील, त्यात मी पडत नाही. पण माझ्या कक्षात कोणी उद्या ४० नवी यंत्रं आणून ठेवली आणि बाकी सगळं आहे तसंच राहिलं, तर दोन वर्षांनी मी तक्त्यात ‘एकूण ६२’ लिहीन आणि सात नंबरसारख्यांची रांग लागलेली असेल.

म्हणून यंत्रं मागायला हे पत्र लिहिलेलं नाही. तक्त्यात एक रकाना वाढवा: एका मुलाचा हात आठवड्यात किती मिनिटं कीबोर्डवर होता. तो भरायला शाळांना घड्याळ लावावं लागेल, आणि घड्याळ लावलं की पासवर्डचा नियम, तासिकेची लांबी, कक्षातलं ऑफिसचं काम, सगळं आपोआप दिसायला लागेल. दोन लागोपाठच्या तासिका एकत्र केल्या तर नवीन काही न आणता, येण्या-बसण्याची १४ मिनिटं एकदाच जातात. सेल, माऊस, कीबोर्ड, वायरी असलं किरकोळ सामान शाळेलाच घेऊ द्या, त्याची मंजुरी वर पाठवायला लावू नका. आणि कक्ष सांभाळणाऱ्याच्या वेळापत्रकात दिवसाला एक तासिका वर्गाशिवायची ठेवा. मी सकाळचा पाऊण तास आणि सुट्ट्या घालून हे भागवते आहे. माझ्यानंतर येणाऱ्याने का भागवावं?

तुम्ही भेटीला या, पण आगाऊ कळवू नका. कळवलंत तर यंत्रं आधीच लॉग-इन करून, हुशार मुलं पुढे बसवून ठेवली जातील. मीही तेच करीन, खोटं कशाला बोलू. तासिका सुरू होताना या आणि दुसरीतल्या एखाद्या मुलीच्या मागे चौदा मिनिटं उभे राहा. तिला अक्षर सापडत नसेल तेव्हा बोट दाखवू नका, एवढीच विनंती.

तक्ता वेळेत पाठवला आहे. शेऱ्याचा रकाना नेहमी रिकामा जातो, यंदा त्यात ‘८.५’ लिहिलंय. काल फोन आला होता, हा आकडा चुकून पडला का म्हणून. मी म्हटलं, नाही, राहू द्या.

आपली,
प्राथमिक शाळेतील एक शिक्षिका